आजच्या दिवसाचा नेम

गावाकडे एखाद्याची दारू सुटली की पुष्कळदा लोक तसं म्हणत नाहीत. ‘त्यानं माळ घातली’ असं म्हणतात. गळ्यात तुळशीची माळ आली म्हणजे दारू-मटण सुटलं, एकादशी आली, संध्याकाळचा हरिपाठ आला, जमेल तशी आषाढीची वारी आली. त्याचा देवावर विश्वास किती, हे कोणी तपासत बसत नाही. एकादशी पाळतो का, एवढंच बघतात. आपल्या भाषेत देव ‘मानायचा’ असतो आणि नेम ‘पाळायचा’ असतो. व्यसनातून सुटलेल्या माणसाला या दोहोंतलं नेमकं काय तारतं?

नव्वद वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या दोन बेवड्यांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. त्यांना सापडलेल्या उत्तरातून एक संघटना उभी राहिली. अल्कोहोलिक्स अनॉनिमस हे तिचं नाव. सगळे तिला ‘एए’ म्हणतात. वारकरी संप्रदायाशी तिचा काडीचा संबंध नाही. तरी तिची वाटचाल वाचताना माळेची आठवण वारंवार होते. का, ते पुढे येईलच.

न सुटलेले लोक

बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला माणूस. जन्म १८९५चा. हुशार, बोलका आणि चाळिशीच्या आतच दारूने पार धुऊन काढलेला. १९३४च्या नोव्हेंबरात एबी थॅचर हा त्याचा पिण्यातला जुना दोस्त ब्रुकलिनच्या घरी आला. बिलने स्वयंपाकघरातल्या टेबलावर जिन आणि अननसाचा रस मांडून ठेवला होता. एबीने ग्लास बाजूला सारला. तो ऑक्सफर्ड ग्रूप नावाच्या ख्रिस्ती मंडळींत जायला लागला होता.

फ्रँक बुकमन या धर्मोपदेशकाने उभ्या केलेल्या या मंडळींचा भर आचरणावर होता. रोज सकाळी काही वेळ शांत बसायचं. आपले दोष दुसऱ्या माणसासमोर कबूल करायचे. ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करायची. आणि मिळालं ते पुढच्या माणसापर्यंत न्यायचं. बिलला हे सगळं भाबडं वाटलं. पण समोर बसलेला एबी पीत नव्हता, हे मात्र डोळ्यांना दिसत होतं.

डिसेंबरात बिल न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये पुन्हा दाखल झाला. तिथले डॉ. विल्यम सिल्कवर्थ दारूच्या व्यसनाला आजार मानणारे. त्या काळी बहुतेकांच्या लेखी तो निव्वळ चारित्र्याचा दोष होता. हॉस्पिटलात एके दिवशी खोली प्रकाशाने भरून गेल्याचा अनुभव बिलला आला. आपल्याला वेड तर लागलं नाही ना, असं त्याने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी त्याची चेष्टा केली नाही. जे काही असेल ते घट्ट धरून ठेव, असाच सल्ला दिला. त्यानंतर बिल कधीही प्यायला नाही.

गोष्ट इथे संपली असती तर ती एका माणसाच्या साक्षात्काराची कहाणी झाली असती. पण बिलच्या अंगात प्रचारकाचं वारं शिरलं. पुढचे काही महिने तो न्यूयॉर्कभर पिणाऱ्यांना गाठत आणि आपला प्रकाश सांगत हिंडला. एकाचीही दारू सुटली नाही. तो हिरमुसला, तेव्हा पत्नी लोइसने एक गोष्ट नजरेला आणून दिली: कोणी सुटला नसेल, पण तू तर प्यायला नाहीस! सिल्कवर्थनीही कान टोचले. प्रकाशाचं प्रवचन आवर, आधी आजाराबद्दल बोल.

हॉटेलातला फोन

१९३५च्या मे महिन्यात एका कंपनीच्या मालकीच्या भांडणात बिल ओहायो राज्यातल्या अॅक्रनला गेला. टायरच्या कारखान्यांचं हे शहर. भांडण हरलं, सोबतचे परतले, खिशात दहाएक डॉलर उरले. शनिवारची संध्याकाळ, मेफ्लॉवर हॉटेलची लॉबी. एका टोकाला बार. तिथून हसण्याचा, ग्लासांचा आवाज येत होता. दुसऱ्या टोकाला टेलिफोन, आणि जवळच गावातल्या चर्चची यादी.

बिल घाबरला. न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्या दारुड्याशी बोलत असताना आपल्याला दारू आठवत नव्हती, हे त्याला लख्ख आठवलं. आत्ता, या क्षणी, आपल्यालाच एक दारुडा हवा आहे! यादीतल्या वॉल्टर टंक्स या पाद्रींना त्याने फोन लावला. त्यांनी नावं दिली. एकेक नंबर फिरवत तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोचला. गुडइयर टायर कंपनीच्या संस्थापकाची ही सून, ऑक्सफर्ड ग्रूपमधली. आपल्या ओळखीतला एक सर्जन दारूत बुडालाय म्हणून ती प्रार्थना करतच होती. तिने बिलला दुसऱ्या दिवशी घरी बोलावलं.

तो सर्जन म्हणजे डॉ. बॉब स्मिथ. रविवारी संध्याकाळी पाच वाजता तो आला. आदल्या दिवशीची उतरत होती, हात थरथरत होते, आणि फक्त पंधरा मिनिटं थांबेन असं त्याने बायकोला, ॲनला, बजावून ठेवलं होतं. तो उठला तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते.

या भेटीतली मुख्य बाब पुष्कळांच्या नजरेतून निसटते. डॉ. बॉब नास्तिक नव्हता. अडीच वर्षं तो ऑक्सफर्ड ग्रूपच्या बैठकींना जात होता. बायबल वाचत होता, प्रार्थना करत होता, आणि पीतही होता. श्रद्धा होती, वाचन होतं, भलं चिंतणारे लोक होते. नव्हता तो फक्त आपल्यासारखाच एक पिणारा माणूस, ज्याच्याशी बरोबरीने बोलता येईल आणि ज्याच्या उपयोगी पडता येईल. बिलने त्या रात्री उपदेश केला नाही. स्वतःची कर्मकहाणी सांगितली.

दहा जून

बिल तिथेच राहिला. उन्हाळाभर त्याचा मुक्काम आर्डमोर अॅव्हेन्यूवरच्या स्मिथांच्या घरी होता. रोजची सकाळ ठरलेली. ॲन बायबलमधला एखादा उतारा वाचायची, मग सगळे काही वेळ गप्प बसायचे, मग कॉफी. आपल्याकडच्या नित्यपाठाची आठवण व्हावी, इतका साधा क्रम. शरीराला बळ यावं म्हणून बिलने बॉबला टोमॅटो, आंबवलेला कोबी आणि मक्याचा गोड पाक खायला लावला. 

पहिल्या काही आठवड्यांतच बॉब घसरला. अटलांटिक सिटीला डॉक्टरांचं अधिवेशन होतं. तो गेला, गाडीतच पिऊ लागला आणि काही दिवसांनी पार बेशुद्धावस्थेत परत आला. पुढे एक शस्त्रक्रिया ठरलेली होती. त्या दिवशी सकाळी हात स्थिर राहावेत म्हणून बिलनेच त्याला बिअरची एक बाटली दिली. शस्त्रक्रिया पार पडली. पण बॉब घरी येईना. घरचे काळजीत. काही तासांनी तो आला, तेव्हा उलगडा झाला. ज्यांचं देणं होतं, ज्यांना तोंड चुकवत होता, त्यांच्याकडे एकेक करून तो माफी मागायला गेला होता. गावात बोभाटा होईल या भीतीने हेच काम त्याने इतके दिवस टाळलं होतं.

ती बाटली त्याची शेवटची. संस्था त्या दिवसाची तारीख १० जून १९३५ अशी सांगते आणि तोच आपला स्थापना दिवस मानते. नोंदणी नाही, उद्घाटन नाही, फीत कापणं नाही. एका माणसाचा शेवटचा घोट हाच संस्थेचा जन्म. डॉक्टरांच्या अधिवेशनाच्या तारखा ताडून पाहून काही अभ्यासकांनी हा दिवस आठवडाभर पुढे असावा असं दाखवून दिलं आहे. संस्थेने दिवस बदलला नाही. रामनवमीला कोणी जन्मदाखला मागत नाही, तसंच हे.

लगेच दोघं अॅक्रनच्या सिटी हॉस्पिटलात तिसऱ्याच्या शोधात गेले. तिथे बिल डॉटसन नावाचा वकील दाखल होता. नशेत नर्सेसच्या अंगावर धावून गेल्यामुळे त्याला पलंगाला बांधून ठेवलं होतं. त्याचंही देवाशी वैर नव्हतं. तो चर्चमध्ये पदावर राहिलेला माणूस. पहिल्या तिघांपैकी दोघांकडे श्रद्धा आधीपासून होती आणि तिने एकट्याने काही केलेलं नव्हतं. डॉटसन काही दिवसांनी हॉस्पिटलमधून बाहेर पडला तो कायमचा मोकळा होऊन.

‘आम्हाला उमजला तसा’

१९३७च्या अखेरीस बिल आणि बॉब मोजायला बसले, तेव्हा न्यूयॉर्क आणि अॅक्रन मिळून चाळीसेक जण न पिता टिकलेले निघाले. पैसा कुठेच नव्हता. धनाढ्य रॉकफेलरकडे मोठी देणगी मागितली, तर त्याने पाच हजार डॉलर दिले आणि यापुढे पैसा दिला तर हे काम बिघडेल असं कळवलं. त्या वेळी सगळे खट्टू झाले. पुढे त्याच नकाराला त्यांनी वरदान मानलं.

मग पुस्तक लिहायचं ठरलं. १९३८च्या डिसेंबरात एका रात्री बिल अंथरुणावर पिवळी वही घेऊन बसला. तोंडी चालत आलेल्या पाच-सहा गोष्टी सुट्या करत गेला आणि त्या बारा झाल्या. आपण दारूपुढे हरलो हे कबूल करणं. आपल्यापेक्षा मोठ्या शक्तीवर भार टाकणं. स्वतःची झाडाझडती घेऊन ती दुसऱ्या माणसाला सांगणं. दुखावलेल्यांची यादी करून भरपाई करणं. रोजचा हिशेब रोज तपासणं. प्रार्थना, ध्यान. शेवटी दुसऱ्या पिणाऱ्यापर्यंत जाणं. बारा पायऱ्या म्हणतात त्या याच.

त्यावर भांडण जुंपलं. काहींना पुस्तक पक्कं ख्रिस्ती हवं होतं. जिम बर्वेल हा कट्टर नास्तिक देवाचं नावच काढा म्हणून हटून बसला. बिलने मधली वाट काढली. गुडघे टेकण्याचा उल्लेख गेला आणि देवाच्या शब्दापुढे ‘आम्हाला उमजला तसा’ अशा अर्थाची पुस्ती जोडली गेली. एका नास्तिकाच्या हट्टाने हे दार रुंद झालं. त्या पुस्तीमुळेच पुढे विठ्ठल, अल्ला, निसर्ग किंवा नुसता गट यांतलं काहीही मनाशी धरून माणूस आत येऊ शकला. १९३९च्या एप्रिलमध्ये पुस्तक बाहेर पडलं. त्याचंच नाव संघटनेला चिकटलं. तोवर न्यूयॉर्कचे लोक ऑक्सफर्ड ग्रूपपासून वेगळे झालेच होते. अॅक्रनकरही त्याच वर्षी वेगळे झाले.

फुलांच्या खोलीत

आता सिस्टर इग्नेशिया. अॅक्रनच्या सेंट थॉमस या कॅथलिक हॉस्पिटलात दाखल होणाऱ्यांच्या नोंदी करण्याचं काम या किरकोळ अंगकाठीच्या जोगिणीकडे होतं. त्या काळी दारुड्यांना हॉस्पिटलं जागा देत नसत. धिंगाणा घालतात, पैसे बुडवतात. १९३९च्या ऑगस्टमध्ये डॉ. बॉबने गळ घातली, तेव्हा सिस्टरने एका रुग्णाच्या नावापुढे ‘जठराचा तीव्र दाह’ असं लिहून त्याला आत घेतलं. दुसऱ्या दिवशी एकांत हवा म्हणून बॉबने खोली मागितली. जागा नव्हती. मग रुग्णांसाठी आलेली फुलं जिथे लावायचे, त्या छोट्या खोलीत त्याचा पलंग ढकलण्यात आला. पुढच्या अकरा वर्षांत या दोघांच्या हाताखालून सुमारे पाच हजार व्यसनी गेले. बॉबने त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत.

हॉस्पिटलातून बाहेर पडताना सिस्टर प्रत्येकाला येशूच्या हृदयाचं चित्र असलेला एक छोटा बिल्ला द्यायची. सोबत अट एकच. प्यावंसं वाटलं तर पी, पण आधी इथे येऊन हा बिल्ला माझ्या हातात परत दे.

मला माळ आठवते ती इथे. आपल्याकडचा माळकरीही घसरतो. पण घसरण्याआधी त्याला माळ काढून ठेवावी लागते. हात गळ्याशी जातो, मणी बोटांना लागतात, घरच्या देव्हाऱ्यापाशी जावं लागतं. इच्छा आणि घोट यांच्या मधे एक कृती येते. तलफेची लाट काही मिनिटांत ओसरू लागते, असं व्यसनमुक्तीचं काम करणारे सांगतात. माळ काय आणि बिल्ला काय, माणसाला ती मिनिटं मिळवून देतो. एए मध्ये आजही महिना, वर्ष पूर्ण करणाऱ्याला नाणं देतात. खिशात हात घातला की ते बोटांना लागतं.

पैसा नको, नाव नको

१ मार्च १९४१ रोजी ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात जॅक अलेक्झांडर या पत्रकाराचा लेख आला. हा गृहस्थ भंडाफोड करायला म्हणून गेला होता आणि खात्री पटून परतला होता. वर्षाच्या सुरुवातीचे दोनेक हजार सदस्य अखेरीला आठ हजारांवर गेले.

वाढीबरोबर संस्थांचे नेहमीचे रोग आले. पुढारपणाची हौस, पैशांचे वाद, वर्तमानपत्रात फोटो. बिलने अनुभवातून बारा परंपरा लिहिल्या. त्या १९४६ मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि १९५० मध्ये क्लीव्हलँडच्या अधिवेशनात स्वीकारल्या गेल्या. सभासदत्वाला अट एकच: पिणं थांबवण्याची इच्छा. बाहेरची देणगी घ्यायची नाही. खर्च सदस्यांनी आपसात फिरवलेल्या टोपीतून भागवायचा. राजकारणावर, धर्मावर संस्थेचं मत नसेल. प्रसिद्धीत कोणाचं पूर्ण नाव येणार नाही. १९४८ मध्ये एका मृत्युपत्रातून आलेले दहा हजार डॉलर याच तत्त्वावर परत केले गेले. तेव्हा कार्यालय तंगीत होतं! आपल्याकडच्या कुठल्याही संस्थेच्या खजिनदाराला हे वाचून घाम फुटेल.

डॉ. बॉब १६ नोव्हेंबर १९५० रोजी गेला. पिणाऱ्यांच्या कुटुंबांसाठी लोइसने १९५१ मध्ये अल-अनॉनची उभारणी केली. १९५५ मध्ये सेंट लुइसच्या अधिवेशनात बिलने संस्था सदस्यांच्या परिषदेकडे सोपवली. येल विद्यापीठाची मानद पदवी त्याने नाकारली. ज्याच्या स्वभावात मोठेपणाची भूक होती, त्याने हे नेम स्वतःसाठीच घालून घेतले असावेत. सिगारेट मात्र त्याच्याकडून वेळेवर सुटली नाही. फुप्फुसं निकामी होऊन २४ जानेवारी १९७१ रोजी तो वारला. संस्थापकाचं हे उणेपण संस्थेने लपवलेलं नाही.

भायखळा, वांद्रे, येरवडा

भारतात हे काम १९५७ मध्ये सुरू झालं आणि लवकरच मुंबईत रुजलं. संघटनेचं भारताचं मध्यवर्ती कार्यालय भायखळ्याला आहे. मीटिंग भरतात त्या शाळांच्या वर्गांत, चर्चच्या आवारात, समाजमंदिरांत. चाळीस माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसतात. एकेक उठतो, फक्त पहिलं नाव सांगतो, मी मद्यपी आहे म्हणतो आणि आपली कथा सांगतो. मधे कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही. शेवटी चहा. मराठी मीटिंगमध्ये ऐकू येणारे शब्दही ठरलेले: ‘शेअरिंग’, ‘स्पॉन्सर’, ‘स्लिप झाली’ आणि सगळ्यांत जास्त वेळा ‘आजचा दिवस’.

या मुळावर इथे वेगळी झाडं वाढली. १९८१ मध्ये वांद्र्याला फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं. फादर परेरा हे योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य, त्यांनी बारा पायऱ्यांना योगासनांची जोड दिली. कॅथलिक धर्मगुरू, पुण्याचे योगगुरू आणि ओहायोच्या पायऱ्या अशी ही मोट आहे. नेमाला धर्माच्या भिंती आडव्या येत नाहीत, याचा याहून चांगला दाखला शोधायला नको.

पुण्यात अनिल अवचटांनी गर्द या अमली पदार्थाच्या व्यसनावर लेखमाला लिहिली. ती वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये दिले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. सूत्रं डॉ. अनिता अवचट यांच्या हाती होती. १९९७ मध्ये त्या गेल्या आणि पुढे कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी काम सांभाळलं. मुक्तांगण धार्मिक संस्था नाही. पण तिथला दिवस पाहिला तर तोही नेमाचाच: योग, श्रमदान, गटचर्चा, समुपदेशन. तिथे स्वतः व्यसनातून बाहेर आलेले लोक नव्या रुग्णांना सांभाळतात. अॅक्रनच्या हॉस्पिटलातली तीच जुनी युक्ती.

दिवस कसा बांधायचा

एवढ्या वाटचालीतून गाळून उरतो तो एका दिवसाचा कार्यक्रम. व्यसनी माणसाचा दिवस आधीही बांधलेलाच असतो, पण तो दारूभोवती: पैसे कुठून आणायचे, कुठे बसायचं, घरी काय सांगायचं. दारू काढली की दिवसाला भगदाड पडतं. विशेषतः संध्याकाळी सहानंतर. ते भगदाड निश्चयाने भरत नाही. तिथे ठरलेलं काम लागतं.

म्हणून सकाळी पाच-दहा मिनिटं शांत बसणं. देव मानणारा नाव घेतो, न मानणारा श्वास बघतो. दोघंही मागतात ते एकच: फक्त आजचा दिवस न पिता जावा. जन्मभराची शपथ इथे घेत नाहीत. आईच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या शपथा प्रत्येकाने मोडलेल्या असतात. चोवीस तास मात्र कोणालाही पेलतात.

दिवसात चार शत्रूंवर नजर ठेवायची: भूक, राग, एकटेपण आणि थकवा. चारही अगदी घरगुती. वेळेवर जेवणारा आणि वेळेवर झोपणारा माणूस निम्मी लढाई तिथेच जिंकतो. तलफ आली तर पहिला फोन स्पॉन्सरला, म्हणजे आपल्याआधी या वाटेने गेलेल्या सदस्याला. संध्याकाळी मीटिंग. सुरुवातीला नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग करायचा प्रघात आहे. रात्री झोपण्याआधी दिवसाची झाडाझडती: कोणाला दुखावलं, कुठे खोटं बोललो, उद्या कोणाची माफी मागायची. आणि आठवड्यातून कधीतरी सेवा. सतरंजी अंथरणं, चहा ठेवणं, हॉस्पिटलात नव्याला भेटायला जाणं. जुने सदस्य सांगतात की नव्याला भेटून आलेल्या रात्री झोप चांगली लागते.

यात श्रद्धा कुठे आहे? ती या कामांच्या पोटात वाढते. पहिल्या महिन्यात माणूस हे सगळं बायकोच्या धाकाने करतो. सहाव्या महिन्यात सवयीने. मग एखाद्या दिवशी लक्षात येतं की पगाराचं पाकीट घेऊन आपण गुत्त्यावरून सरळ घरी आलो आणि पाय अडखळलेसुद्धा नाहीत. तेव्हा तो म्हणतो, कोणीतरी सांभाळतंय. वारीत चालणाऱ्याला विठ्ठल आधी टाचेच्या फोडांत भेटतो, तसंच काहीसं.

हिशेब

यश किती? संघटना सभासदांची नोंद ठेवत नाही, त्यामुळे बरीच वर्षं या प्रश्नाला ठाम उत्तर नव्हतं. २०२० मध्ये कॉक्रेन या नामांकित वैद्यकीय समीक्षेने २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली. सलग न पिता राहण्याच्या बाबतीत रुग्णांना पद्धतशीरपणे एए शी जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. पण सगळे टिकत नाहीत, हेही तितकंच खरं. कित्येक जण पहिल्या मीटिंगनंतर परत येत नाहीत. देवाची भाषा काहींना पचत नाही. अमेरिकेत कोर्टांनी कैद्यांवर या मीटिंगची सक्ती करायला मनाई केली आहे आणि ते योग्यच झालं. सक्तीचा नेम टिकत नाही.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवावी. बरीच वर्षं रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. पहिले दिवस डॉक्टरांच्या नजरेखालीच गेले पाहिजेत. अंगारा, माळ, मीटिंग सगळं त्यानंतर. डॉ. बॉबनेही रुग्ण आधी हॉस्पिटलात घातला आणि मग त्याच्या खाटेजवळ बसला.

व्यसनातून सुटलेला माणूस देव किती मानतो, यावर त्याचं टिकणं ठरलेलं मला या इतिहासात दिसलं नाही. तो काय पाळतो आणि कोणाच्या उपयोगी पडतो, यावर ठरलेलं दिसलं. म्हणून तुमच्या घरी कोणी ‘उद्यापासून सोडतो’ म्हणाला, तर त्याच्याकडून शपथ घेऊ नका. डॉक्टर आज किती वाजता भेटतील ते बघा. मग जवळची मीटिंग कुठल्या शाळेत भरते ते शोधा आणि पहिल्या दिवशी त्या वर्गाच्या दारापर्यंत त्याच्यासोबत चालत जा.